गाडीमागचा लिंब

आमच्या सांगलीच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर कुठल्याही बोलण्याची सुरुवात "तसं न्हाई, बाई" अशी करायचे. आज ऊन फार आहे म्हटलं तरी तेच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बस जेवढा धूर सोडते त्याची भरपाई शाळेनं करायची, असं माझ्या विज्ञान मंडळातल्या मुलांनी ठरवलं. दुष्काळी माण तालुक्यात झाडं लावायची, की जवळच्या वस्तीत बिनधुराच्या चुली द्यायच्या, यावर वर्गात भांडणं झाली. शेवटी मुलं ड्रायव्हरांकडे गेली, कारण धूर त्यांच्या गाडीचा.

"तसं न्हाई. धूर हितं आन् झाड तिकडं माणात. त्याला आपला धूर कसा कळंल?"

हवा सगळीकडे एकच, असं मी समजावू लागले आणि बोलता बोलता माझाच गोंधळ झाला.

सोमवारी बस उभी करायच्या जागेमागं कडुलिंबाचं रोप दिसलं. तेव्हापासून ड्रायव्हर गाडी मागं घेऊन सायलेन्सर नेमका रोपासमोर आणायचे आणि इंजिन मुद्दाम चालू ठेवायचे. पानं काळी पडली.

"अहो, मरेल ते."

"तसं न्हाई, बाई. धूर खायालाच लावलंय त्याला."

मी फारच मागं लागले तेव्हा त्यांनी गाडी उलटी वळवून लावली. सायलेन्सर माझ्या वर्गाच्या खिडकीकडे आला.

"आता बरं हाय न्हवं?" बाहीनं पानं पुसत त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

"बाई," पहिल्या बाकावरची मुलगी खोकत म्हणाली, "मग आता आपली भरपाई कोण करणार?"