लव्होन बोलतेय, म्हणून थांबलोय

पेपरात माझ्या भावाबद्दल सहा ओळी छापून आल्या. ऑरिन ट्वाइट, वय एकाहत्तर, धान्याच्या कोठारावर चौतीस वर्षं नोकरी, मागे पत्नी लव्होन आणि बहीण डार्लिस. शेवटी लिहिलंय, त्यांना दूरच्या प्रवासाची आवड होती.

वाचून मला आधी हसू आलं, मग रडू आलं. कुणी सांगितलं यांना? अंगणात घरगाडी, आत पलंग-सोफा असलेली प्रवासाची मोठी गाडी, उभी दिसली असेल, म्हणून धरून चालले. अहो, समुद्र बघायला निघालेला माणूस तो, चार वर्षांत अर्ध्या वाटेवरच्या मोंटानाच्या पुढं गेला नाही. ते का, हे कुणीतरी सांगायला पाहिजे. मी आठवीपर्यंतच शिकले, पुढं घरच्या गाई बघाव्या लागल्या. जसं तोंडात येतंय तसं टाइप करतेय.

ऑरिन माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याच्या कोठारावर मका सुकवायचे मोठे पंखे होते. ऑक्टोबर लागला की ते सारखे घोंघावायचे. त्या काळी कानात बोळे घालायची पद्धत नव्हती, घातले तर बाकीचे गडी हसायचे. पन्नाशीतच त्याचे कान गेले. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, मग फोनवर मी. कानातलं यंत्र घेतलं त्यानं, पण त्यात माणसापेक्षा इंजिनच जास्त ऐकू यायचं.

आणि लव्होन म्हणजे नुसता आवाज होता. शेरीफच्या कचेरीत रेडिओवर बसायची ती, अठ्ठावीस वर्षं. कुठं आग लागली, कुठं गाडी उलटली, कुणाची छाती दुखायला लागली, की फोन तिला. तिच्या आवाजानं माणसाचे हातपाय गळायचे थांबायचे. ऑरिन तरुणपणी गावच्या अग्निशमन दलात होता, आगीच्या गाडीत रेडिओवर तिचाच आवाज ऐकायचा. म्हणायचा, "मी आवाजाशी लग्न केलं. बाई नंतर बघितली."

त्यावर लव्होन म्हणायची, "आणि बाईनं तुला बघितलं तोवर उशीर झाला होता."

ऑरिन सहासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला आणि त्याच हिवाळ्यात लव्होनला कंपवात निघाला. हात थोडेसेच कापायचे. पण आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी मोठ्यानं आऽ म्हणायचा व्यायाम दिला. ती बाथरूममध्ये आऽ करायची, बाहेर ऑरिन उभा राहून "आलं, आलं ऐकू" म्हणायचा. आलेलं नसायचं.

लव्होननं जन्मात समुद्र बघितला नव्हता. ऑरिननं ठरवलं, घरगाडी घ्यायची आणि तिला पार ओरेगॉनच्या किनाऱ्यावर न्यायचं. नदीकाठच्या गावात अशा गाड्यांचा मोठा विक्रेता आहे, तिथं आम्ही तिघं गेलो. कर्ट नावाचा बोलका माणूस होता. त्यानं आधी पेट्रोलची गाडी चालवून बघायला दिली. मी मागं सोफ्यावर बसले. पूल ओलांडला की पलीकडं सरळ चढ आहे. चढाला लागली आणि गाडी अशी ओरडायला लागली की माझे दात हलले. समोरच्या आरशात लव्होनचे ओठ हलताना दिसत होते.

"काय?" ऑरिन म्हणाला.

तिनं परत सांगितलं.

"काय म्हणतेस?"

तिनं हात हलवला, काही नाही.

कर्ट म्हणाला, "चढ संपला की आवाज कमी होतो, साहेब."

"इथून ओरेगॉनपर्यंत चढ कुठं संपतो?" ऑरिननं विचारलं.

मग डिझेलची चालवून बघितली. तोच पूल, तोच चढ. काही नाही, नुसतं चाकांचं सुंसुं. अर्ध्या चढावर लव्होन तिच्या त्या बारक्या आवाजात म्हणाली, "ऑरिन, तुझी कॉलर आत गेलीय."

त्यानं कॉलर बाहेर काढली. आणि हात तसाच कॉलरवर ठेवून बसला, पार वर पोचेपर्यंत. चालत्या गाडीत बायकोचं बोलणं त्याला आठ महिन्यांनी ऐकू आलं होतं.

परत येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसलो. मी हॉटडिश, आमच्याकडचं नूडल-मांसाचं भाजलेलं जेवण, ओव्हनमध्ये ठेवली होती, ती काढली.

"डिझेलची घ्यायची," ऑरिन म्हणाला. कोटसुद्धा काढला नव्हता.

"केवढ्याला?"

"दुप्पट."

"मग पेट्रोलची घे की. गॅलनला ती सात मैल देणार, डिझेलची आठ, फरक कितीसा?"

"तसं नाही गं. पेट्रोलचं इंजिन पुढं असतं. आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये, वर नुसतं झाकण. डिझेलचं पार मागं, पलंगाखाली. पुढं बसलं की चर्चमध्ये बसल्यासारखं."

"चर्चमध्ये तू झोपतोस."

"तेच म्हणतोय. तेवढं शांत."

कोठारवाले त्याला हंगामाला परत बोलावत होते. त्यानं हिशेब केला, आणखी अडीच वर्षं काम केलं तर डिझेलची जमेल. आणि मी, मला आज जीभ कापून टाकावीशी वाटते, मी म्हणलं, "मग कर अडीच वर्षं. अशी वस्तू माणूस एकदाच घेतो, मनासारखी घ्यावी."

लव्होन चमच्यानं नूडल इकडून तिकडं सरकवत होती. ती काहीतरी बोलली. आम्ही दोघं टेबलावर वाकलो.

"अडीच वर्षांनी तुझ्याकडं शांत गाडी असेल," ती म्हणाली. मध्ये दोनदा श्वास घेतला. "आणि तीत बोलायला कोण असेल?"

ऑरिननं कोट काढला, जेवला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सोमवारी पेट्रोलची गाडी अंगणात आली.

आता ऐकू येत नाही तर करायचं काय? लव्होननंच तोड काढली. बोलायचं असलं की ती बोट वर करायची. ऑरिन मिळेल तिथं गाडी बाजूला घ्यायचा, इंजिन बंद करायचा, तिच्याकडं वळून बसायचा. ती बोलायची. मग इंजिन चालू. कधी चर्चचं अंगण, कधी कोठाराचा वजनकाटा, कधी दफनभूमीचं फाटक. पहिल्या दिवशी मैल झाले एकोणनव्वद.

लोकांना वाटायचं गाडी बंद पडली. आमच्याकडं रस्त्यात कुणी अडकलं तर न थांबता जाणं म्हणजे पाप. मायलो ह्रुस्का नावाचा शेतकरी साखळी घेऊन पिकअपमधून उतरला.

"ओढू का?"

"नको. लव्होन बोलतेय, म्हणून थांबलोय."

मायलोनं टोपी मागं केली. "माझी बोलते तेव्हा मी वेग वाढवतो," म्हणाला.

ही गोष्ट त्या भागात इतकी पसरली, की पुढं रस्त्याकडेला कुणाचीही गाडी उभी दिसली तरी लोक विचारायचे, "बंद पडलीय, का लव्होन आहे?"

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये तीन दिवस मी त्यांच्याबरोबर गेले होते. माझा जीव मेटाकुटीला आला. बोट वर. थांबलो. लव्होन म्हणाली, "त्या पांढऱ्या खेचराला एकच कान होता." ऑरिन म्हणाला, "कुठला, डावा?" यावर त्यांचं पाच मिनिटं चाललं.

मी म्हणलं, "असं थांबत गेलास तर तुम्ही पोचेपर्यंत समुद्र आटेल."

"मग चालत पलीकडं जाऊ."

त्या संध्याकाळी लव्होन झोपल्यावर तो आणि मी बाहेर खुर्च्या टाकून बसलो. मी चिडलेच होते. त्याला म्हणलं, खेचराच्या कानासाठी पेट्रोल जाळतोस. तेव्हा तो म्हणाला, "तू बरोबर आहेस म्हणून खेचर. एरवी ती रेडिओवरचं सांगते."

मग त्यानं मला उलगडून सांगितलं.

कचेरीचा नियम होता, फोनवर जे ऐकलं ते घरी काढायचं नाही. गाव एवढंसं, फोन करणारा आपलाच कुणीतरी असायचा. लव्होननं अठ्ठावीस वर्षं नियम पाळला. रात्रपाळी करून यायची, ऑरिनला अंडी तळून द्यायची आणि ब्र काढायची नाही. कुणाचं पोर तळ्यात गेलं, कुणाचा नवरा ट्रॅक्टरखाली आला, शेवटचं कोण काय बोललं, सगळं हिच्या कानात. आता जायच्या आधी ते ओझं उतरवायचं होतं तिला. घरात यायचं नाही तोंडातून. रस्ता चालू असला, समोर काच असली, की एकेक वर यायचं. आणि आवाज तर रोज कमी होत होता.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

"ती म्हणते निम्मं."

"आणि आवाज?"

ऑरिन म्हणाला, "निम्म्याहून कमी." आणि उठून टायर बघायला गेला. टायरला काही झालं नव्हतं.

त्यानंतर मी कधी समुद्राचं नाव काढलं नाही. तिसऱ्या वर्षी मोंटानात पोचले, तिथून बर्फाआधी परतावं लागलं. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी लांब जाऊ दिलं नाही. मग हिवाळाभर दोघं अंगणातच गाडीत जाऊन बसायची. आपापल्या खुर्चीत, कोट घालून, मांडीवर गोधडी, इंजिन बंद. समोर काच आणि काचेपलीकडं माझ्या भावाचं कोंबड्यांचं खुराडं. तो तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायचा. मी थर्मासमधून कॉफी नेऊन द्यायचे आणि दार लावून परत यायचे.

जानेवारीत एक दिवस तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "संपलं तिचं सगळं. शेवटचा फोनसुद्धा सांगून झाला."

"मग आता गाडीत काय करता?"

"आता नुसत्या शिव्या देते मला."

इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. फेब्रुवारीत तिचा आवाज पूर्ण गेला. ओठ हलायचे तेवढेच. तरी तो ऐकायचा. ऐकायचा का ओळखायचा, मला विचारू नका.

मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी दहाला, तो गाडीत तिच्या शेजारी बसल्या जागी गेला. हृदय. लव्होन काठी टेकत अंगण ओलांडून घरात गेली आणि तिनं फोन लावला. जिनं अठ्ठावीस वर्षं हे फोन घेतले तिनं. तोंडातून काही येईना. आता तिथं जी मुलगी बसते, टेसा, तिला लव्होननंच शिकवलंय. बोलता न येणाऱ्याचा फोन आला तर काय करायचं तेही तिचंच शिकवणं. टेसानं विचारलं, मदत पाहिजे? पाहिजे तर रिसीव्हरवर एक टिचकी, नाही तर दोन. लव्होननं एक मारली. अकरा मिनिटांत रुग्णवाहिका आली. पण तो तेव्हाच गेलेला होता, कुणी काही करण्यासारखं नव्हतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता लव्होन माझ्याकडं आहे. त्याला पुरल्यानंतर तिसऱ्या दिवसापासून ती मला काहीतरी सांगतेय. ओठ हलतात, मला एक शब्द कळत नाही. लिहायला दिलं तर अक्षरं मुंगीएवढी, पुढं नुसती रेघ. अक्षरांचा तक्ता आणला, बोट थरथरत भलतीकडं जातं आणि ती दमून डोळे मिटते.

मग मला टेसाची टिचकी आठवली. चमचा दिला तिच्या हातात, समोर कप ठेवला, हो असलं तर कपावर एक, नाही तर दोन.

"ऑरिनचं आहे का?"

एक टिचकी.

"जाताना काही बोलला?"

एक.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "काय बोलला?" म्हणलं. आणि हे टिचकीनं कसं सांगणार ती?

तेव्हापासून रोज सकाळी कॉफी झाली की मी विचारते. समोरच्या भिंतीकडं बघून त्याच्यासारखं बोलून बघते. "'अजून एक कप आहे का,' असं म्हणाला?" दोन टिचक्या. "'वारा पडलाय, उद्या बर्फ येणार,' असं?" दोन. लहानपणी गाय लाथ मारायची तेव्हा म्हणायचा ते विचारलं. आईला हाक मारायचा तसं विचारलं. माझं नाव घेतलं का विचारलं, तिनं हळूच दोन वाजवल्या. तुझं नाव घेतलं का, विचारलं. तेही नाही.

माझ्या भावाच्या तोंडात किती वाक्यं होती ते मला आता कळतंय. भांडी घासताना एखादं आठवतं, हात पुसून मी कागदावर लिहून ठेवते, नाहीतर सकाळपर्यंत जाईल.

आज विचारलं, "'कोंबड्यांना कोंडा घातलास का,' असं म्हणाला?" लव्होनला इतकं हसू आलं की कप हिंदकळला. मग तिनं चमचा नीट धरला आणि दोन टिचक्या मारल्या.

उद्यासाठी त्याची चार वाक्यं काढून ठेवलीत.