थोरल्याने दिलेली कबुली

माझ्या नोकरीत खुनाचे तपासही झाले, पण निवृत्तीनंतर मनात वर येते ती कोंबड्यांची घटना.

तेव्हा मी चांदवडच्या बाजूला एका ठाण्यात होतो. मृग तोंडावर आला होता. सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, लवकर या. दोघं भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे हायेत."

दोन हवालदार घेऊन गेलो. धाकट्या भावाच्या रानात साठ-सत्तर गावरान कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्याच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडत, किडे आणि गवत खात. बाहेरचं खाद्य नाही, औषध नाही. वरून फक्त मूठभर दाणे. अंडी तो एसटीने नाशिकला नेई. औषधाचा अंशही नको म्हणणारी घरं त्याने पायपीट करून जोडली होती. आता तो एक मेलेली कोंबडी छातीशी धरून ओरडत होता, "यानंच मारल्या! माझी अंडी आता कोण घेईल?"

संशयाला जागा होती. कोंबड्यांनी थोरल्याचं कांद्याचं रोप उकरलं होतं आणि "एक दिवस सगळ्या संपवतो" असं तो चारचौघांत बोलला होता. फिर्याद घेतली, पंचनामा केला आणि थोरल्याला ठाण्यात आणलं.

मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "मीच मारल्या, साहेब. रोपावर औषध मारलं होतं, ते त्यांनी खाल्लं."

"कोणतं औषध? कधी मारलं?"

"मारलं व्हतं, साहेब. तुम्ही लिहून घ्या." इतक्या सहज मिळालेल्या कबुलीवर माझा विश्वास बसत नसे. दुपारी जनावरांच्या डॉक्टरांनी दोन कोंबड्या उघडल्या. गळ्याखालच्या पिशवीत लालसर बाजरी भरलेली होती. पेरणीसाठी विषारी औषध चोळलेलं बियाणं. थोरल्याच्या खोलीत त्याच बियाण्याचं पोतं सापडलं, शिवण उसवलेलं. फवारणीच्या औषधाचा डबा मात्र सीलबंद होता. पेरणी चार दिवसांवर असताना कोणता शेतकरी स्वतःचं बियाणं असं उधळेल?

"या खोलीत कोण कोण येतं?" मी विचारलं.

त्याने माझे हात धरले. "साहेब, आईला इचारू नका. मला चार दिवस आत ठेवा, पण तिला कळू देऊ नका."

म्हातारी धाकट्याकडे राहत असे आणि सकाळी दाणे तीच टाकी. मला सारं उमगलं. पण जबाबाशिवाय कागद पुरा होत नव्हता. मी तिला ओट्यावर बसवलं. दोन्ही मुलगे समोर उभे होते.

"आजी, आज कोंबड्यांना काय घातलं?"

"बाजरी घातली, बाबा. आमचे दाणे सरले व्हते, म्हणून थोरल्याच्या पोत्यातली घेतली. लाल व्हती. म्हटलं, नवी जात असंल." तिने रानाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "म्हंजे... मी?"

थोरला तिच्या पायाशी बसला. धाकटा त्याला म्हणाला, "दादा, तू बोलला का नाय?"

"बोललो असतो तर तिला कळलं असतं ना."

धाकट्याने फिर्याद पुढे चालवायची नाही असं लिहून दिलं. भाऊ पुन्हा बोलू लागले. गुन्हा दिवस मावळायच्या आत उलगडला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि मलाही बरं वाटलं.

दिवाळीच्या सुमारास बंदोबस्तावरून परतताना तिकडे डोकावलो. थोरल्याने पैसे घालून नवी पिल्लं आणली होती. धाकट्याने दाण्यांची परात आईपुढे ठेवली. तिने हात पदराखाली घेतला. "तूच टाक. मला आता नीट दिसत नाय." मला मात्र तिने फाटकापासूनच ओळखलं होतं.

"पाच महिने झाले, असंच चाललंय," धाकटा मला सोडायला येताना म्हणाला. "चुलीपाशीसुद्धा जात नाय. म्हणती, माझ्या हातचं कुणी खाऊ नये." पुढच्या उन्हाळ्यात ती गेल्याचं पोलीस पाटलाकडून कळलं.

धाकट्याला बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले असते, तर फिर्याद तशीही मिटली असती. म्हातारीला विचारण्याची गरज नव्हती. तो प्रश्न विचारण्याआधीच मला उत्तर माहीत होतं, आणि थोरल्याने हात धरून विनवलंही होतं. त्यानंतर कुणाचाही जबाब घेण्यापूर्वी मी स्वतःला विचारू लागलो, याची खरंच गरज आहे का? पुढे काही माणसं त्यामुळे वाचली असतील. पण त्या आजीला मी विचारलं होतं.