नर्सच्या वाट्याला नर्स

नव्वदीच्या दशकात बारामतीला परदेशातून पाच तरुण पाहुणे आले होते. आपापल्या कामात पुढं येणारी माणसं. ज्याचं जे काम, त्याच कामातल्या इथल्या माणसाबरोबर त्यानं दिवस काढायचा, असं ठरलेलं. त्यांत एक नर्स होती. तिच्या जोडीला संयोजकांनी नाव लिहिलं कुणाचं? डॉक्टरसाहेबांचं!

माझी आक्का वरकुट्याला सरकारी नर्स. सायकलवरून वाड्यावस्त्या फिरणारी. तिचं नाव कुणाला सुचलंसुद्धा नाही. आम्ही बौद्धवस्तीतले म्हणून, की नर्स म्हणजे हाताखालचं माणूस म्हणून? मी दोन्ही कारणं धरली आणि पत्रक छापलं : ‘नर्सच्या वाट्याला नर्स का नाही?’

आक्का कडाडली, “माझ्या नावानं कागद वाटलास तर बघ!”

पत्रकं पिशवीतच ठेवून वरकुट्याच्या शाळेत गेलो. पाहुणीचा सत्कार तिथंच, नेमका लसीकरणाच्या दिवशी. व्हरांड्यात बाया पोरं घेऊन ताटकळलेल्या, आत अध्यक्षांचं भाषण रंगलेलं. आणि आक्का? चहा वाटत होती!

ती अध्यक्षांजवळ गेली. “तात्या, लशीच्या डब्यातला बर्फ इतळाय लागलाय. पोरं टोचू द्या.”

“सिस्टर, भाषण तर हू द्या.”

“बर्फाला कुठं भाषण कळतंय?”

लोक हसले. पाहुणीनं दुभाष्याकडं पाहिलं. तो अध्यक्षांकडं बघत बसला. मग मीच उठलो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडलो, की ही चहा देतेय ना, तीच इथली नर्स!

पाहुणी ताडकन उठली. हार खुर्चीवर टाकला आणि आक्काच्या मागोमाग व्हरांड्यात.

“आवं बाई, शाल ऱ्हायली!” अध्यक्ष मागून.

“हितंच आणा की, तात्या!” आक्का म्हणाली.

पोर मांडीवर घेऊन बसलेल्या पाहुणीला शाल पांघरली गेली आणि पोरानं ती लगेच भिजवली. सगळ्यात मोठ्यानं पाहुणीच हसली.

अर्ध्या बायांची कार्डं हरवलेली. पुढच्या डोसची तारीख लिहायची कशावर? आक्कानं माझी पिशवी ओढली. “तुझं कागद मागनं कोरं हायत न्हवं? बस हितं. लिही तारखा.”

उन्हं उतरली तेव्हा पिशवी रिकामी होती. पाहुणीनं कार्यक्रमपत्रिकेवरचं डॉक्टरसाहेबांचं नाव खोडलं आणि त्या जागी आक्काला सही करायला लावली.

अध्यक्षांच्या सुनेनंही एक पत्रक चार घड्या घालून घरी नेलं. नातवाच्या डोसची तारीख होती. फाडतील कसं?