मूळ पत्रा

मालकांनी मला बोलावलं ते जाहिरात लिहायला. उद्यमनगरात त्यांचा कारखाना. त्याच्या मागच्या शेडमध्ये ती मोटार उभी होती. इंग्लंडमध्ये बनलेली, दोन दारांची, टप मागे दुमडता येणारी, गडद हिरवी. असल्या गाड्या देशात बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात, असं ते सांगायचे. आता त्यांना ती विकायची होती, आणि मिस्त्रींची पोरगी लिहिते हे त्यांनी ऐकलं होतं. मिस्त्री म्हणजे माझे वडील, आप्पा. ते मालकांकडे पत्र्याचं काम करतात.

ही मोटार आली तेव्हा तिला मोटार म्हणणं अवघड होतं. चंदगडकडच्या एका काजू कारखान्यामागे ती कित्येक पावसाळे भिजत पडली होती. तळ गळून गेलेला, एका दाराची नुसती चौकट उरलेली, दुसऱ्यात बोट घातलं की आरपार. जे उरलं होतं त्यावरून आप्पांनी पुठ्ठ्याचे नमुने कापले. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने गोलाई दिली, जुळेना म्हणून तो भंगारात टाकला, दुसरा घेतला. दोन्ही दारं, मागचे मडगार्ड, सगळा तळ. दाराच्या मुठी तेवढ्या हुपरीच्या एका चांदी कारागिराने ओतून दिल्या. तीन वर्षं गेली. त्यात आप्पांचा उजवा खांदाही गेला. आता शर्ट घालताना आधी तो हात घालावा लागतो.

मी पत्रकांवर वाढलेली. पुस्तकं आम्हाला परवडायची नाहीत. विहारात, मोर्च्यात, जयंतीच्या स्टॉलवर मिळालेल्या पातळ पुस्तिका आई ट्रंकेत जपून ठेवायची आणि मी त्या मोठ्याने वाचायची. राबणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, हे मी बेरीज-वजाबाकीच्या आधी शिकले. म्हणून जाहिरातीत मी सुरुवातीलाच लिहिलं की दारं, मडगार्ड आणि तळ कोल्हापुरात हाताने घडवलेले आहेत. पुढे आप्पांचं नाव घातलं.

मालकांनी ती ओळ शांतपणे खोडली आणि वर लिहिलं, संपूर्ण पत्रा मूळ कंपनीचा. माणूस वाईट नव्हे. आप्पांना त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की असली गाडी घेणारा तिचं मूळपणच घेत असतो, इथे केलेलं म्हटलं की तो पाठ फिरवतो. मी भांडले. आप्पा कोपऱ्यात चहा पीत होते, ते म्हणाले ऱ्हाऊ दे. मी कागद तिथेच ठेवून निघाले. जाहिरात मालकांनीच पुरी केली.

पण गिऱ्हाईक आलं त्या दिवशी मी पुन्हा गेले. पुण्याहून आलेले, साठीच्या पुढचे, जाणकार गृहस्थ. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढला. रंगाखाली पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असली की तिथे चुंबक धरत नाही. रंगाला ओरखडा नको म्हणून तो रुमालात गुंडाळून त्यांनी दारांवर, मडगार्डच्या कडेला, बिजागरीखाली लावून पाहिला. सगळीकडे चिकटला. मग त्यांनी डोळे मिटले आणि नुसती बोटं फिरवली.

"असा पत्रा आता कुणी करत नाही," ते मालकांना म्हणाले. "त्या लोकांची गोष्टच वेगळी होती."

मला राहवलं नाही. "त्या लोकांनी नाही, माझ्या वडिलांनी केलाय. हे काय, इथेच उभे आहेत."

मालक माझ्याकडे नव्हे, आप्पांकडे बघायला लागले. पाहुणेही वळले आणि त्यांनी आदराने विचारलं, खरं का?

आप्पांनी कापडाला हात पुसले. "न्हाय वो, पावणं. म्या नुसता घासून रंगाला तयार केला. दारं हुती तशीच हायत. पोरगी लिवती-बिवती, तिला बापाचं कवतिक."

पाहुणे हसले, मुलगी असावी तर अशी म्हणाले. दुपारपर्यंत गाडी त्यांची झाली होती.

परतताना स्कूटर मी चालवत होते, आप्पा मागे. सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, मालकांना भ्यालात का?

"त्यास्नी कशाला भ्यायचं? त्या माणसानं डोळं झाकून हात फिरवला. जिंदगीभर असल्याच गाड्या बघितलेला माणूस. त्याला कळलं न्हाय. तेवढं एक मला मिळालं हुतं, ते तू काढून घ्याय निघालीस."

"आपण त्यांना फसवलं, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "फसवलं की."

सिग्नल सुटला.

त्या पुस्तिकांमध्ये नाव हिरावून घेणारे भेटत. नाव नको म्हणणारा कधी भेटला नाही. आप्पांचं चुकलं असं मला आजही वाटतं. त्या गृहस्थांना खरं कळायला हवं होतं. आणि तरीही, डोळे मिटून फिरणारी ती बोटं बघताना आप्पांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी धरून ठेवायच्या म्हणजे माणूस थकतो. महिनाभर मी काही लिहिलं नाही.

मग हे लिहू का म्हणून त्यांना विचारलं. ते खांदा दाबत होते. लिही म्हणाले, पण नाव घालायचं नाही. गाडीचं नाही, मालकांचं नाही, आणि माझंही नाही. तुझ्या नावावरनं माझं कळतंय, तेही नको.

मी हो म्हणाले. भांडायचं त्राण उरलं नव्हतं.