भावोजींची माळ आणि गणपतीची कॅसेट

साऱ्या रत्नागिरीत रेणूंच्या घड्यांवर तासभर बोलू शकणारा आणि जन्मात स्वतःच्या अंथरुणाची घडी न घातलेला माणूस एकच होता, आणि तो आमच्या ताईच्या वाट्याला आला होता.

भावोजी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. शहाऐंशीच्या सुमाराला दुबईला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना टीव्हीला जोडायचा छोटा संगणक आणून दिला आणि ताईचा टीव्ही कायमचा गेला. प्रथिनाचा रेणू म्हणजे मण्यांची लांब माळ. ती आपली आपण दुमडून एका ठरावीक आकारात बसते. ती तशी बसताना भावोजींना पडद्यावर बघायची होती. माळ मात्र अर्ध्यात अडकायची, नाहीतर वीज जायची. ताईने खरवस केला की बशा हातात घेऊन आम्ही ताटकळायचो, कारण आधी व्याख्यान असे. "तापवलं की चिकातल्या माळा उलगडतात, मग एकमेकींत गुंततात, म्हणून हा थिजतो. समजलास?" मग आरामखुर्चीत पसरून म्हणायचे, "प्रत्येक वस्तू कमीत कमी ऊर्जेच्या अवस्थेत जाऊन बसते." हे पटायला आम्हाला रेणूची गरज नव्हती. समोर भावोजी होतेच.

त्या संगणकाचा प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर साठवावा लागे, आणि नवी कॅसेट विकत घेणं भावोजींच्या रक्तात नव्हतं. घरातली गाणी एकेक करून रेणूंच्या पोटात गेली. एका गणपतीत आम्ही हात जोडून उभे, मी सनईची कॅसेट लावली, तर आतून प्रोग्रॅमची किर्रर्र! भटजींच्या हातातली पळी पडली. भावोजी सोवळ्यातच धावले, "बंद कर मेल्या, फीत गुंतेल!"

पुढच्या श्रावणात ती माळ पहिल्यांदा पूर्ण दुमडली. भावोजींनी अख्ख्या आळीला बोलावून दाखवली. गणपतीनंतर मुंबईच्या परिषदेत ती दाखवायचं आमंत्रण आलं, नवा शर्टसुद्धा शिवला. प्रोग्रॅम एकाच कॅसेटवर होता, कारण दुसऱ्या प्रतीला दुसरी कॅसेट लागते. आणि त्या कॅसेटवर अजून 'अभंग' असंच लिहिलेलं होतं, कारण चिठ्ठी बदलायला खुर्चीतून उठावं लागतं.

गणपतीत आळीतलं भजनी मंडळ आलं. ताईने हौसेने हाताला लागलेली 'अभंग' घेतली आणि भजन त्यावर टेप केलं.

सकाळी उलगडा झाला. ताई रडत म्हणाली, "अहो, मला काय ठाऊक!" भावोजींनी सगळं भजन शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मृदंग छान आलाय गो." मुंबईला ते गेले नाहीत. आठवून आठवून प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, पण माळ प्रत्येक वेळी अर्ध्यातच अडकली. मला त्यांचा फार राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

आता भावोजी नाहीत. गणपतीत ती कॅसेट आम्ही अजून लावतो. भजन संपतं आणि पुसायची राहिलेली शेवटची किर्रर्र सुरू होते. एकदा मी बंद करायला गेलो, तर ताईने माझा हात धरला.

"राहू दे रे. ते बोलतायत."