ऊन दाखवलेले बियाणे

हरभऱ्याच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. सत्तरच्या दशकात माझे संशोधन एका प्रश्नाभोवती होते: हे जिवाणू बाहेरून आणून मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत टाकले, तर ते तिथे जगतात का?

प्रयोगाचा एक तुकडा कळमनुरी तालुक्यात, डोंगरकड्याला होता. मालक बौद्ध समाजातले शेतकरी, माझ्याच वयाचे. त्या तुकड्यात पूर्वी कधी हरभरा पेरलेला नव्हता, म्हणून तो निवडला. पहिल्या वर्षी गाठी जवळजवळ आल्याच नाहीत. आमच्या विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितले: यंदाही तसेच झाले तर डोंगरकडा बंद, आणि निष्कर्ष लिहायचा की या जमिनीत जिवाणू टिकत नाहीत. तो लिहिला की माझा विषयही तिथेच संपणार होता.

दुसऱ्या वर्षी पेरणीला मी स्वतः गेलो. गुळाच्या पाण्यात पाकिटातली जिवाणूंची काळी भुकटी कालवून आम्ही बियाण्याला चोळली आणि बियाणे ओसरीत, सावलीला पसरले. शेजारचे एक शेतकरी रस्त्याने चालले होते. ते थांबले.

"काय रे, जंतू पेरून राहिलास म्हणं? पीक दवाखान्यात न्यावं लागंल!"

"न्यायला तुझीच गाडी सांगीन," मालक म्हणाले.

आम्ही वावर बघून परत आलो तेव्हा बियाणे अंगणात, भर उन्हात होते. मालकांच्या आई काठी घेऊन कोंबड्या हाकत बसल्या होत्या.

"माय, हे उन्हात काहून?" मालकांनी विचारले.

"काहून म्हंजे? ऊन दाखवल्याबिगर बी वावरात जातंय व्हय? मागल्या सालीबी म्याच दाखवलं. तुमाला कुठं ध्यान असतं!"

मालक माझ्याकडे बघेनात. बियाण्याला ऊन दाखवणे चुकीचे नव्हते. साठवणीतली ओल आणि कीड त्याने जाते. पण ते जिवाणू लावण्याआधी. लावल्यावर ऊन दाखवले की जिवाणू मरतात. मी आजींजवळ बसलो.

"माय, ही काळी भुकटी जिती आहे. उन्हात मरते."

"जिती हाय? मंग तर ऊन पायजेच. लेकराला न्हाऊ घातलं की कवळ्या उन्हात धरत्यात का न्हाई?"

मी म्हणालो, "हे लेकरू नाही, माय. दह्याचं विरजण असतं ना, तसं आहे."

त्यांनी काठी खाली ठेवली. "इरजण हाय? मंग भुकटी-भुकटी काय करून राहिलात! इरजण कुणी उन्हात ठेवतं व्हय?"

दुसऱ्या गावासाठी राखलेले एक पाकीट पिशवीत होते. बियाण्याला ऊन आता दाखवून झालेच होते. त्यावर नवी भुकटी चढवली, ओसरीत सुकवली आणि ऊन कलल्यावर पेरणी केली. सुकेपर्यंत आजी दारात बसून होत्या. कोंबड्यांना आत मज्जाव होता, आम्हालाही.

फुलोऱ्याच्या सुमारास विभागप्रमुख जीपने आले. मालकांनी कुदळीने एक झाड मातीसकट काढले आणि बादलीत मूळ धुतले. मुळावर गाठी होत्या, दाट. मालकांनी अशा गाठी कधी पाहिल्या नव्हत्या; त्यांचा चेहरा उतरला.

"रोग पडला का, साहेब?"

शेजारी आलेच होते. "सांगितलं नव्हतं? जंतू!"

विभागप्रमुखांनी एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी रंग होता. "रोग नाही," ते म्हणाले. "गाठ काम करत असली की आतून अशी दिसते." मग त्यांनी तुलनेसाठी राखलेल्या, भुकटी न लावलेल्या पट्ट्यातले झाड काढायला लावले. ते मूळ जवळजवळ मोकळे होते. शेजारचे शेतकरी दोन्ही मुळे हातात घेऊन बघत राहिले.

"डोंगरकडा चालू ठेवा," विभागप्रमुख मला म्हणाले. "पण मग मागच्या वर्षी काय झालं होतं?"

मालक बादली रिकामी करायला वळले. आजी बांधावर उभ्या होत्या.

"मागल्या साली म्या उन्हात टाकलं व्हतं," त्याच म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलं कुठं, इरजण हाय म्हून!"