माडीवरची पाहुणी

आमच्या धर्मापुरीत उन्हाला जीव लावणारं माणूस एकच होऊन गेलं, आणि ते आमच्याच माडीवर भाड्यानं राहत होतं. गावातली माणसं सावली बघून बाज सरकवतात, या बाई ऊन बघून खुर्ची सरकवायच्या. सकाळी ओट्यावर, दुपारी अंगणाच्या मधोमध, ऊन कललं की गोठ्याच्या भिंतीला. त्या फिनलंड नावाच्या देशातून आल्या होत्या. तिकडं हिवाळ्यात सूर्य नुसता तोंड दाखवून परत जातो, असं सांगायच्या. जुन्या देवळावरच्या मूर्तींची चित्रं काढायला वर्षभर राहणार होत्या. वय साठीच्या आसपास, उंची आमच्या चौकटीपेक्षा जास्त. आल्या आल्या त्यांनी चौकटीवर इतकं डोकं आपटून घेतलं की माझ्या मालकांनी तिथं जुन्या गोधडीचा तुकडा ठोकला. बाईंना वाटलं देवाचं काही असेल. त्या रोज जाता-येता गोधडीला हात लावून नमस्कार करायला लागल्या, आणि आता कोण सांगणार म्हणून आम्हीही गप्प बसलो.

मराठी त्या पुण्यात शिकून आलेल्या. पण 'का'ऐवजी आमचा 'कावून' त्यांना फार आवडला. चहात साखर कावून, गाईच्या शिंगांना रंग कावून, बस आली की खिडकीतून रुमाल आत टाकता ते कावून? रुमाल टाकला की जागा आपली होते, एवढं सूनबाईनं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी परळीची बस आली तशी बाईंनी खिडकीतून आपली चित्रांची पिशवीच सीटवर टाकली आणि दाराशी जाऊन सगळ्यांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभ्या राहिल्या. गाडी भरली, दार लागलं, पिशवी सीटवर बसून परळीला गेली आणि बाई फाट्यावर राहिल्या. संध्याकाळच्या फेरीला कंडक्टरनं पिशवी आणून दिली. वाटेत सगळ्या गाडीनं चित्रं बघितली होती, आणि एका मूर्तीचं नाक जरा लांब झालंय असा गाडीतल्या लोकांचा निरोपही त्यानं दिला. बाईंनी तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन नाक खरंच तपासून आल्या.

पण या बाईंना एक दुःख होतं, आणि ते आमच्यामुळंच होतं. त्यांना पाहुणी म्हणून राहायचं नव्हतं. एकट्याच होत्या, तिकडं घरी कोणी वाट बघणारं नव्हतं. आमच्या घरात त्यांना घरच्यासारखं बसायचं होतं आणि आम्ही काही बसू देत नव्हतो. झाडू घेतला की मी हातातून काढून घ्यायची. खाली बसल्या की सूनबाई पळत जाऊन खुर्ची आणायची. एकदा हट्टानं त्यांनी भाकरी थापली. ती एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं पीठच राहिली. मालक ती चावत चावत म्हणाले, लई झ्याक झाली.  मागाहून बाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, भाकरी वाईट होती. सगळे खोटं बोलतात, कावून?" मी पदर तोंडाला लावून म्हटलं, पाहुण्याला कोणी नावं ठेवत नाही. त्या म्हणाल्या, "मी कधीपर्यंत पाहुणी?"  मी चहा ठेवला, आणि सवयीनं त्यात साखर जास्त पडली.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. त्या अमावस्येला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, आणि भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट आंबील असं जेवायचं. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही हाक मारून पंगतीला बसवायचं, आणि बोलावलेल्यानं नाही म्हणायचं नसतं. एवढंच सूनबाईनं बाईंना सांगितलं. एक घास खाऊन, घोटभर आंबील पिऊन उठायचं असतं, हे काय कोणी कोणाला शिकवतं? बाईंच्या देशात ताटात काही टाकत नाहीत. ताट स्वच्छ केलं म्हणजे पोट भरलं, असं तिकडं समजतात. आमच्याकडं ताट रिकामं दिसलं की वाढणारीचा हात थांबत नाही. बाई ताट पुसत गेल्या, बायका वाढत गेल्या. एका शेतातून सुटल्या की पुढच्या बांधावर कोणीतरी हाक मारायला उभंच. आमच्या शेतातून दुपारी नुसत्या फिरायला म्हणून गेलेल्या बाई दिवेलागणीपर्यंत आल्या नाहीत. मी बांधापर्यंत किती चकरा मारल्या असतील. शेवटी आम्ही घरी आलो, तर त्यांना कोणाच्या तरी ट्रॉलीत आडवं घालून आणलं होतं.

अंगणात बाजेवर निजवलं. तोंड राखेसारखं झालेलं. भोवती बायका जमलेल्या, सगळ्या अदबीनं विचारतायत, बाई, कसं वाटतंय? आणि त्या पोट धरून म्हणतायत, जेवण फार छान होतं. मला काय झालं ठाऊक नाही. माझा आवाज तोपर्यंत शेजारणीनंही नीट ऐकला नव्हता.

"अगं, अक्कल हाय का तुला?" मी म्हटलं. "पोट हाय का रांजण? एका घासावर उठता येत न्हाई? हितं वाट बघून जीव जायची वेळ आली माझी."

 मालक माझ्याकडं बघतच राहिले. मी जीभ चावली, पदर ओढला. परमुलखातली बाई, आपण तिला अगं म्हटलं, आता ही उद्या सामान बांधणार.  बाईंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "ताई, अजून बोल."

मी ओवा चोळून दिला, वर कोमट पाणी दिलं, आणि देता देता अजून बरंच बोलले.

त्यानंतर खुर्ची कोणी आणली नाही. बाई चुलीपुढं पाटावर बसायची, भाकरी थापायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. मी सांगायची, कडा कच्च्या हायत, पुन्हा थाप. ती पुन्हा थापायची, आणि शाळेत शाबासकी मिळालेल्या पोरीसारखी खुश व्हायची.

चैत्रात ती गेली. गावानं शाळेच्या पटांगणात शाल-नारळ दिला, भाषणं झाली. जायच्या दिवशी सकाळी उठून तिनं सगळं अंगण झाडलं. कोपऱ्यात थोडा कचरा राहिला होता, तो मी तिला दाखवला.

आता सूनबाईच्या फोनवर तिचा फोन येतो. तिकडं बर्फ पडतोय म्हणते. मला दुसरं काही सुचत नाही, मी रागावते. कान बांधले का, जेवलीस का, एकटी कशाला हिंडतेस. ती सगळं ऐकून घेते. मग बोलणं संपतं. तिच्याकडं भांडं ठेवल्याचा आवाज येतो, माझ्याकडं म्हैस हंबरते. सूनबाई खुणेनं विचारते, ठेवू का? मी मान हलवून नाही म्हणते.